हिरोचा दहावा

"गॅसला हात लावशील तर हात मोडून ठेवीन!" आई ओसरीतून ओरडली, आणि ती अशी ओरडली की समोरच्या लिंबावरची सगळी पाखरं उठून थेट नेकनूरच्या दिशेला गेली.

"आत्या, नुसता चहा टाकते," आतून माझी बायको.

"घरचं माणूस गेलंय आन् चहा टाकती! आज चूल पेटवायची न्हाई."

"चूल कुठं पेटवते? हा गॅस हाय."

"जाळ तो जाळच. बंद कर म्हणते ना!"

मी नुकताच आंघोळ करून आरशासमोर भांग पाडत होतो. घरचं माणूस गेलं म्हटल्यावर मी मनातल्या मनात सगळी भावकी मोजली. चुलता सकाळीच ओट्यावर खोकताना दिसला होता. मामाचा रात्री फोन आला होता. मग गेलं कोण? तसाच कंगवा घेऊन ओसरीत आलो. आईनं पदर तोंडाला लावला आणि टीव्हीकडं बोट केलं.

टीव्हीवर त्याचा फोटो होता. फोटोला हार होता.

माझा कंगवा केसात अडकला तो अडकलाच.

त्या नटाचं नाव मी इथं घेत नाही. त्याच्या नावावर मी आधीच भरपूर खपवलंय. वय म्हणाल तर काहीच नव्हतं. आमच्याकडं त्या वयात माणूस पोरी बघायला हिंडत असतो. कसलंसं दुखणं आतल्या आत घेऊन फिरत होता, कुणाला कळू दिलं नाही, आणि एका सकाळी गेला. मोजके सिनेमे केले. पण एकेक असा, की आमच्याकडची माणसं बाकीच्या हिरोंची नावं विसरून गेली.

बाकीचे हिरो बोलतात. हा ऐकायचा. त्याची करामत तीच. समोरचा बोलायला लागला की ह्याचा चेहरा असा काही व्हायचा की बघणाऱ्याला वाटावं, उठावं आणि आपलंही सगळं ह्याला सांगून टाकावं. बीडच्या थेटरात मी ह्या डोळ्यांनी बघितलंय, इंटरव्हलच्या आधी पुढच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला आणि पडद्याकडं हात करून भावकीनं बांध कसा कोरला ते सांगायला लागला. आणि पडद्यावरचा हिरो ऐकत होता! लोक म्हणाले, खाली बस, पण बसवेना कुणाच्यानं. खोटं वाटत असेल तर तो माणूस गेवराईत राहतो, जाऊन विचारा. पत्ता मात्र मला माहीत नाही.

त्याचे केस डाव्या डोळ्यावर यायचे. म्हणून माझेही यायचे. कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सहा वर्षं मी एकाच डोळ्यानं झेरॉक्स काढल्या. वकील लोकांचे अर्ज तिरके निघाले, एकाचा तर मृत्युपत्राचा कागद उलटा निघाला, पण मी केस मागे सारले नाहीत. बायको म्हणायची, "दुसरा डोळा हाय का गेला, तेवढं तरी बघत जा अधनंमधनं."

तर हा मनुष्य आमच्या घरचा कसा झाला, ते आता सांगतो. इथून पुढं जरा हळू आवाजात.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गावाखालच्या तळ्यावर त्याच्या सिनेमाचं शूटिंग झालं. आठ दिवस. त्या आठ दिवसांत गावात एक भांडण झालं नाही, कारण भांडायला गावात कुणी नव्हतंच. सगळं गाव तळ्यावर. नेकनूरचा बाजारही त्या आठवड्यात तळ्यावरच भरला म्हणा. भाजीवाली टोपलं घेऊन आली, ते तिथंच सुकलं, तिला पत्ता नाही. आई तेवढी घरी. गुडघ्यांमुळं तिला उतार उतरवत नव्हता. तिनं मला फर्मान सोडलं, "लेकरू आठ दिस हाटेलाचं खातंय. एक दिस तरी जेवायला घेऊन ये. तुझी लई वळख हाय म्हणतोस ना?"

ओळख आहे, असं मी पहिल्याच दिवशी सांगून बसलो होतो. खरी गोष्ट अशी की हिरो छत्रीखाली बसायचा आणि छत्रीच्या चारी बाजूला चार धिप्पाड गडी उभे असायचे. एकाला मी म्हटलं, "भाऊ, आई बोलावतेय." तो म्हणाला, "कोणाची?" मी म्हटलं, "माझी." तो म्हणाला, "मग जा ना घरी."

दोन दिवस मी छत्रीभोवती घिरट्या घातल्या. तेवढ्यात मला तो दुसरा दिसला. हिरोएवढाच उंच, तसाच शर्ट, तशीच दाढी, डोळ्यावर गॉगल. लाईटवाले दिवे लावताना हिरोच्या जागी ह्याला उन्हात उभा करत. दिवे नीट लागले की ह्याला बाजूला करत आणि हिरो छत्रीतून उठून त्या जागेवर येई. त्याच्याजवळ एकही धिप्पाड गडी नव्हता. मी म्हटलं, "जेवणार का?" तो म्हणाला, "कुठं?" एवढंच. माझ्याआधी चालायला लागला.

बायको तेव्हा माहेरी होती. घरात आई आणि शेजारची म्हातारी. म्हातारीला मोतीबिंदू होता, ती नवऱ्यालासुद्धा खोकल्यावरून ओळखायची. मी दारातूनच ओरडलो, "आई, हिरो आणलाय!" आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला म्हणाली, "कांदा न्हाई घरात, पळ, चुलत्याकडून घेऊन ये." मी कांदा घेऊन येईपर्यंत गड्यानं वांग्याचं भरीत संपवलं होतं. सहा भाकरी खाल्ल्या. ठेचा मागून घेतला. जाताना आईच्या पाया पडला. मीही मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो, कारण त्यानं गॉगल काढला नव्हता.

मग सुरू झालं ते एसटीत. नेकनूर-बीड गाडीला रोजची तीच माणसं. चहावाला, सरपंचाचा भाऊ, वाळूच्या धंद्यातला एक गडी, दोन मास्तर. पहिल्या वर्षी माझ्या गोष्टीतला हिरो आमच्या घरी जेवला. दुसऱ्या वर्षी त्यानं आईला मुंबईला चल म्हटलं. तिसऱ्या वर्षी त्यानं आमची म्हैस धुतली. पाचव्या वर्षी तो मला मिठी मारून म्हणाला, "आजपासून तू माझा भाऊ." भाकरीचा आकडा मात्र मी कधी वाढवला नाही. सहा म्हणजे सहा. इमान म्हणून काही असतं की नाही माणसाजवळ?

आणि आता तो गेला होता, आणि आईनं घरातला जाळ बंद केला होता.

बातमी माझ्या आधी एसटीत पोचली. दुपारी मी दुकानात गेलोच नाही, कारण दारात ही गर्दी. ज्या घरात मौत होते त्या घरी शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. आमच्या घरी त्या दिवशी सतरा घरांचं पिठलं आलं. चहावाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धीर धर बे. भाऊ गेल्याचं दुःख मला ठाऊक हाय." सख्खा चुलता गळ्यात पडून रडला. तो माझा बाप गेला तेव्हा इतका रडला नव्हता. बायकोनं हळूच माझ्या कानाशी येऊन विचारलं, "एवढ्या पिठल्याचं काय करू?" तिला काय सांगणार? ती माहेरी होती त्या दिवशी. तिलाही मी सहा वर्षं म्हशीसकट सगळी गोष्ट ऐकवली होती.

मी खातोय आणि डोक्यात एकच विचार. ज्यानं आईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या तो कुठंतरी मुंबईत उन्हात उभा असेल, धडधाकट. आणि ज्याच्यासाठी आई रडतेय त्यानं आमच्या घराचा उंबरासुद्धा बघितलेला नाही. आईला खरं सांगावं तर ती म्हणेल, मेलेल्याच्या नावानं खोटं बोललास. आणि आई एकदा बोलायची थांबली की थांबते. बापाशी ती एकदा एका म्हशीवरून दीड वर्ष बोलली नव्हती. न सांगावं तर हे रडं वाढतच जाणार.

वाढलंच. तिसऱ्या दिवशी आईनं जाहीर केलं, "दहावा करायचा. गोदावरीवर."

"आई, त्याची माणसं करतील की मुंबईला."

"ती त्यांचं करतील. आपण आपलं. भाऊ म्हणला न्हवता तुला?"

ओसरीत एसटीतली सगळी मंडळी बसलेली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "म्हणला होता."

"मग भावानं काय करायचं असतंय?" आई म्हणाली, आणि माझ्या डाव्या डोळ्यावरच्या केसांकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

दहाव्याला चार जीप भरून माणूस गेवराईच्या पुढं गोदाकाठी उतरला. वाळू उपसून उपसून काठाला असे खड्डे पडलेत की नदी कुठं आणि खड्डा कुठं ते नदीलाही कळत नसेल. गावचा न्हावी सोबत आणला होता. हाच गडी सहा वर्षं माझी ती कटिंग करायचा. वस्तरा हातात घेतला आणि परत पेटीत ठेवला. "माझ्याच्यानं व्हईना बे," म्हणाला, "म्या केलेलं काम म्याच कसं मोडू?" पण मोडलं. पहिला झुपका वाळूत पडला आणि सहा वर्षांनी मला डाव्या डोळ्यानं जग दिसलं. फार काही बदललं नव्हतं.

गुरुजी बसले. "मयताचं गोत्र?"

मी सरपंचाच्या भावाकडं बघितलं, त्यानं चहावाल्याकडं.

"गोत्र म्हंजी... पिक्चर लाईन," चहावाला म्हणाला.

"ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात," गुरुजी म्हणाले. "आई-बापाचं नाव?"

आता मोबाईल निघाले. चार मोबाईलांत चार नावं निघाली. गुरुजींनी हात जोडले, "देवाला माहीत हाय त्याला कुणी जन्म दिला ते," आणि पुढचं सुरू केलं. पिंड मांडले. सगळे मागं सरून उभे राहिले. आता कावळ्यानं शिवायचं तेवढं राहिलं.

कावळा होता. वाळूच्या एका रिकाम्या टिप्परच्या टपावर बसला होता. पिंडाकडं बघत होता, पण उतरत नव्हता.

मयताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून घरच्यांनी शब्द द्यायचा असतो, पोरीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू, असं. इथं शब्द काय द्यायचा? चहावाला पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "देवा, तुझा शेवटचा पिक्चर मोबाईलवर फुकट बघणार न्हाई. तिकीट काढून बघतो." कावळा टपावरून बॉनेटवर आला. सगळ्यांना हुरूप आला. सरपंचाचा भाऊ घसा खाकरून म्हणाला, "तुमच्या नावानं गावात प्रवेशद्वार बांधू!" कावळा परत टपावर गेला. मास्तर म्हणाले, "पक्ष्यांना बी अनुभव हाय." मग तो वाळूच्या धंद्यातला गडी पुढं झाला. सगळे म्हणाले, तू नको, तू नको. पण त्याचं मन भरून आलं होतं. म्हणाला, "आजपास्नं म्या वाळूला हात लावणार न्हाई!" कावळा ताडकन उडाला तो नदी ओलांडून पलीकडच्या काठाला गेला.

त्याला परत यायला तासभर लागला. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले, त्यांना दुसरीकडं जायचं होतं. नव्या टकलावर ऊन कसं लागतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आई सावलीला बसली होती. तिनं तिथूनच हाक मारली.

"आरं, सगळे बोलले. तूच बोलला न्हाईस."

"मी काय बोलू?"

"तुझं काय राहिलं असंल ते बोल. भाऊ ना तू?"

मी पिंडापाशी जाऊन उकिडवा बसलो. मागं पन्नास माणसं कान देऊन. मी आवाज इतका खाली आणला की मलाच नीट ऐकू येईना. म्हटलं, बाबा, तू आमच्या घरी कधी आलाच नाहीस. भाऊ म्हणाला नाहीस, म्हैस धुतली नाहीस. मी तुला एकदाच जवळून बघितलं. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात मी कुठं नव्हतो.

आणि मग मी त्याला ते सांगितलं. शूटिंगच्या पाचव्या दिवशी गर्दी म्हणून आम्हा गाववाल्यांना उभं केलं होतं. गावातल्या एका म्हाताऱ्याला दोन वाक्यं पाठ करून दिली होती, हिरोसमोर म्हणायची. म्हातारा कॅमेऱ्याला भ्याला, वाक्यं विसरला, आणि भ्यालेला माणूस खरं बोलतो तसं खरं बोलायला लागला. त्याची म्हातारी ऊसतोडीला गेली ती फडातच गेली, आपण दुसऱ्या टोळीत होतो, दोन दिवसांनी कळलं, तोंड बघायला मिळालं नाही. मागून कुणीतरी थांबवा, थांबवा म्हणालं. हिरोनं नुसता हात केला, थांबू नका असा. आणि ऐकत राहिला. म्हातारा मिनिटभर बोलला की अर्धा तास, मला सांगता येणार नाही, आणि मी सहसा असल्या गोष्टी वाढवूनच सांगतो. संपल्यावर हिरो खाली वाकला. म्हाताऱ्याचं मुंडासं सुटलं होतं, त्याचं लोंबतं टोक उचलून त्याच्या हातात दिलं. बस. ते काही सिनेमात आलं नाही. मी आवर्जून सिनेमा बघून खात्री केली.

एवढं सांगून मी उठलो, आणि गुडघे सरळ होतात न होतात तोच कावळा पिंडावर.

पन्नास माणसांनी एकदम श्वास सोडला. तो वारा गेवराईपर्यंत गेला असणार. चहावाला धावत आला, "काय शब्द दिला बे? काय शब्द दिला?"

"घरचं हाय," मी म्हटलं.

सगळे नदीत हातपाय धुवायला गेले. मी आईजवळ येऊन बसलो. डोकं भणभणत होतं. ती म्हणाली, "काय बोललास?"

आता कावळ्याला सांगितलेलं आईपासून कसं लपवायचं? सांगून टाकलं. की तो हिरो नव्हता. की हिरोच्या जागी उन्हात उभा राहणारा एक गडी होता. की सहा वर्षं मी तिला फसवलं. सांगून मान खाली घालून बसलो, आता हिचं बोलणं बंद होणार म्हणून.

आई पायाच्या बोटांतली वाळू काढत होती.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"तू कांदा आणायला गेलतास तवा त्यानंच सांगितलं. मावशी, म्या हिरो न्हाई, पण भूक लई लागलीय. म्या म्हणलं, जेव मग."

"मग सहा वर्षं बोलली कावून न्हाईस?"

"तू गाडीत सांगायचास ते लोकांला ग्वाड लागायचं. म्हस धुतल्यालं तर मला बी आवडलं."

"आन् मग रडलीस कावून एवढी? तो तर आपल्याकडं जेवला बी न्हवता."

"मंग? आपल्याकडं जेवल्यावरच रडायचं का?"

खाली नदीत चहावाला सरपंचाच्या भावाला कावळा कसा आला ते सांगत होता. तेवढ्यातल्या तेवढ्यात कावळे दोन झाले होते. मी डोक्यावरून हात फिरवला. सगळं गुळगुळीत.

"ठाऊक होतं तर मग मला टक्कल कावून करायला लावलं?"

आईनं माझ्या डोक्याकडं एकदा नीट बघितलं.

"केस येतेत," ती म्हणाली.